जळगावातला गेम स्टुडिओ: एक मोठं कंत्राट आणि केळीच्या मळ्याचा खेळ

हा प्रकरण अभ्यास जळगाव शहरातल्या एका छोट्या गेम स्टुडिओचा आहे. त्यांचे हिशेब, कराची विवरणपत्रं आणि करारांचं काम माझ्याकडे असल्यामुळे बहुतेक निर्णय होताना मी समोर होतो. तिन्ही भागीदारांच्या संमतीने लिहितो आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा मुद्दाम दिलेल्या नाहीत. गेम बनवण्याच्या धंद्यात उतरू पाहणारी बरीच मुलं हल्ली धुळे-जळगावकडे भेटतात. त्यांच्या हातात आणि त्यांच्या घरच्यांच्या हातात हे पडावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पार्श्वभूमी

पहिला भागीदार यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा मुलगा. कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन पुण्यात एका गेम कंपनीत लागला, आधी टेस्टिंग आणि मग प्रोग्रामिंग असं करत तिथे टिकला. कोरोनात गावी आला तो परत गेलाच नाही. दुसरी त्याची चुलत बहीण. चित्रकलेची पदविका घेतलेली, एका शाळेत तासिका तत्त्वावर कलाशिक्षिका. तिसरा अमळनेरकडचा, अहिराणी गाण्यांचं आणि विनोदी व्हिडिओंचं रेकॉर्डिंग करणारा. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोटींच्या घरात पाहिली जातात, त्यामुळे त्याच्याकडे कामाची ददात नव्हती. पण दुसऱ्याच्याच गाण्यांना आवाज द्यायचा, याचा त्याला कंटाळा आला होता.

२०२२ च्या सुरुवातीला तिघांनी एका दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुण्या-बंगळुरूच्या स्टुडिओंना चित्रं, अ‍ॅनिमेशन आणि थोडंफार प्रोग्रामिंग करून द्यायचं आणि त्यातून शिलकी पडेल तो वेळ स्वतःच्या खेळाला द्यायचा, असा बेत होता.

घरचा विरोध होता आणि तो समजून घेण्यासारखा होता. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, तेव्हा गावागावात पोरांच्या हातातून मोबाइल काढून घेतले गेले. पहिल्या भागीदाराचे वडील, नाना, सरळ म्हणाले, "सरकारने ज्याच्यावर बंदी घातली, त्याचाच धंदा करायला तू पुण्याची नोकरी सोडली?"

मुलाने त्यांना जे सांगितलं ते खरं होतं. जगभरात व्हिडिओ गेमवर वर्षाला १८० अब्ज डॉलरच्या वर पैसा खर्च होतो. चित्रपटगृहांचं आजवरचं सर्वात चांगलं वर्ष २०१९, आणि त्या वर्षी जगभरची तिकीटविक्री सुमारे ४२ अब्ज डॉलर होती. २०१३ मध्ये ग्रँड थेफ्ट ऑटो ५ आला आणि तीन दिवसांत त्याने १ अब्ज डॉलरचा धंदा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी जवळपास ६९ अब्ज डॉलरला घेतली. आपल्या राज्यात पाहायचं तर लुडो किंग नवी मुंबईत तयार झाला, आणि भारतीय पुराणकथांवर उभा असलेला 'राजी' हा खेळ पुण्याच्या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये जगासमोर आणला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, प्रात्यक्षिक म्हणून होतं, तिथे भारताला कांस्य मिळालं. हांगझोऊला २०२३ मध्ये ते अधिकृत पदकांचे खेळ झाले.

नानांवर या आकड्यांचा फारसा परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो स्टारड्यू व्हॅलीचा. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बसून शेतीवरचा खेळ बनवला, चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं स्वतः केलं, तो २०१६ मध्ये आला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. "शेतीचा खेळ लोक विकत घेऊन खेळतात?" हे नानांनी दोनदा विचारलं. स्टुडिओचा स्वतःचा खेळ केळीच्या मळ्यावर असावा, हे त्या संभाषणातूनच पक्कं झालं.

मळ्याचा खेळ आणि मोडलेली अक्षरं

खेळाची मांडणी चांगली होती. वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं, कारण सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, तेव्हाच ठरतो. खेळणाऱ्याने मृगबाग लावायची की कांदेबाग, म्हणजे केळी पावसाळ्याच्या तोंडी लावायची की पावसाळा सरताना, हे ठरवायचं. रात्रीची लाईट कोणत्या आठवड्यात आहे ते पाहून ठिबक चालवायचं. मेच्या उन्हात बाग जपायची, जूनच्या वादळात वाचवायची आणि घड उतरवायला आले की त्या दिवसाचा भाव घ्यायचा की थांबायचं, याचा निर्णय करायचा. थांबलं तर माल पिकतो. या एका निर्णयात रावेर-यावलच्या शेतकऱ्याची सगळी घालमेल आहे, आणि ती खेळात जशीच्या तशी उतरली होती.

भाषेवर पहिला अडसर आला. साउंडवाल्या भागीदाराने सालदाराचे सगळे संवाद अहिराणीत लिहिले. नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "केळीपट्ट्यात अहिराणी कोण बोलतं? आमच्याकडं लेवा गणबोली चालते." बाहेरच्या माणसाला खानदेश म्हणजे अहिराणी वाटतं, पण यावल-रावेरच्या मळ्यातलं बोलणं आणि अमळनेर-धुळ्याकडचं बोलणं वेगळं आहे. तिघांनी मध्यम मार्ग काढला. मालक लेवा गणबोलीत बोलेल, आणि सालदार अमळनेरकडून आलेला असल्याने अहिराणीत. "आते काय करू भो?" असं विचारणारा तो सालदार पुढे खेळातलं सर्वात आवडतं पात्र ठरला.

दुसरा अडसर तांत्रिक होता आणि त्याने जास्त वेळ खाल्ला. खेळ युनिटी या इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बनत होता. तिथे अक्षरं दाखवण्याची जी नेहमीची सोय आहे, ती देवनागरीची जुळणी नीट करत नाही. 'पिकलं' लिहिलं की पहिल्या अक्षराची वेलांटी दुसऱ्याला चिकटून 'पकिलं' दिसायचं. जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहायची. अहिराणीत पावलोपावली येणारं 'ऱ्हायनं' तर एकाही पडद्यावर धड उमटत नव्हतं. बहिणीने त्यावर उपाय म्हणून प्रत्येक वाक्याचं चित्र बनवायला घेतलं. एक स्वल्पविराम बदलायचा तरी नवं चित्र. संवाद शेकड्यांनी होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क आकारण्याची घोषणा केली. जगभर गेम बनवणाऱ्यांनी ओरड केली, अटी सैल झाल्या आणि वर्षभराने ते शुल्क कंपनीने रद्दच केलं. खरं तर या स्टुडिओला ते शुल्क लागू होण्याची शक्यता नव्हती, कारण उत्पन्नाची आणि इन्स्टॉलची मर्यादा त्यांच्या आवाक्यापलीकडे होती. तरी त्या बातमीने प्रोग्रामरचा निश्चय झाला आणि त्याने सगळा खेळ गोडो या मोफत, खुल्या इंजिनवर हलवला. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये देवनागरीसारख्या लिप्यांची जुळणी बरोबर होते. निर्णय योग्य होता, पण तो शुल्काच्या रागापोटी झाला. अक्षरांच्या कारणासाठी तो काही महिने आधीच व्हायला हवा होता, असं माझं मत आहे. इंजिन बदलताना जे काम वाया गेलं, त्यात बहिणीने बनवलेली सगळी वाक्यचित्रंही गेली.

पेच

या काळात घर चाललं ते बाहेरच्या कामावर, आणि बाहेरचं काम हळूहळू एकाच ग्राहकाकडे गोळा होत गेलं. ती पैसे लावून रमी खेळवणारी एक मोठी कंपनी होती. पत्त्यांची चित्रं, सणासुदीच्या पार्श्वभूमी, जिंकल्यावर उडणाऱ्या नाण्यांचं अ‍ॅनिमेशन असं काम असायचं. पैसे वेळेवर यायचे आणि काम कधी नाकारलं जायचं नाही. २०२४ संपेपर्यंत उत्पन्नाचा जवळपास पाऊण हिस्सा या एका ग्राहकाकडून येत होता.

सुरुवातीला कुणालाच त्यात खटकलं नाही. आखाजीला पत्ते कुटणं खानदेशात घरोघरी पाहिलेलं असतं. पण आखाजीचा डाव सणापुरता असतो, समोर ओळखीची माणसं बसलेली असतात आणि रात्री तो मोडतो. मोबाइलवरचा डाव कधीच मोडत नाही. बहिणीच्या शाळेतल्या एका कर्मचाऱ्याने पगार, मग पतसंस्थेचं कर्ज आणि शेवटी बायकोचे दागिने यात घातले. त्याच्या मोबाइलवर तिला आपण काढलेली पार्श्वभूमी दिसली. त्या दिवसापासून तिने या ग्राहकाच्या कामाविरुद्ध उघडपणे बोलायला सुरुवात केली.

धोक्याची घंटा धंद्याच्या बाजूनेही वाजली होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी कंपन्या फक्त आपल्या फीवर १८ टक्के भरत होत्या. ग्राहकाने त्या तिमाहीत काम कमी केलं, मग पुन्हा वाढवलं. काम परत आलं म्हणून तिघंही निर्धास्त झाले. ज्या धंद्यावरचा कर एका दिवसात इतका बदलतो, त्या धंद्याबद्दल सरकारच्या मनात काय चाललं आहे, हा प्रश्न त्या वेळी टेबलावर यायला हवा होता.

२०२५ च्या सुरुवातीला त्याच कंपनीकडून वर्षभराच्या कंत्राटाचा प्रस्ताव आला. रक्कम आतापर्यंतच्या सगळ्या वर्षांच्या उलाढालीएवढी. अटी दोन: आठ नवी माणसं घ्यायची, आणि वर्षभर दुसऱ्या कुणाचंही काम करायचं नाही. दुसऱ्या अटीत स्वतःचा खेळही आला.

कोणते पर्याय समोर होते

चार वाटांवर बोलणी झाली, आणि ती नुसती कागदावर झाली नाहीत. नानांच्या घरी, शेवभाजीच्या जेवणावर, रात्री उशिरापर्यंत वाद झाला.

पहिली वाट प्रस्ताव आहे तसा घेण्याची. साउंडवाला याच्या बाजूने होता. त्याचं म्हणणं असं की जळगावात आठ मुलांना गेमच्या कामावर पगार मिळणं ही छोटी गोष्ट नाही. चटई कारखाना, डाळ मिल, पाइप कंपनी किंवा पुण्याची बस, यापलीकडे इथल्या पदवीधराला काय आहे? खेळ वर्षभर थांबला तर थांबला. त्याच्या बोलण्यात तळमळ होती आणि तिच्यात तथ्यही होतं.

दुसरी वाट साफ नकार देण्याची. बहीण यावर ठाम होती. पण नकार दिला तर तीन महिन्यांत भाडं थकेल, हे हिशेबाच्या वहीत दिसत होतं.

तिसरी वाट घासाघीस करण्याची: काम निम्मं घ्यायचं, एकाच ग्राहकाला बांधून घेण्याची अट काढायची आणि एका महिन्याची रक्कम आगाऊ मागायची. चौथी वाट म्हणजे सगळं आवरून पुण्याला जायचं. ती पाच मिनिटांत मागे पडली, कारण मळ्याचा खेळ मळ्यापासून दूर बसून होणार नाही यावर तिघांचं एकमत होतं.

नानांचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण ते बोलले. "व्यापारी एकच असला की भाव तो सांगतो." केळीच्या व्यवहारात आयुष्य घालवलेल्या माणसाचं हे बोलणं त्या रात्रीच्या चर्चेतलं सर्वात नेमकं होतं, असं मला आजही वाटतं.

काय ठरलं

तिसरी वाट धरली. कंपनीने बांधून घेण्याची अट सोडली, पण आगाऊ रक्कम नाकारली, आणि बिलं साठ दिवसांनी देऊ असं कळवलं. इथे एक महत्त्वाचा मुद्दा होता. स्टुडिओची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी होती. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कायद्यानुसार अशा पुरवठादाराचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट ग्राहकाला आयकरात ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी मिळते. हे दाखवल्यावर मुदत ४५ दिवसांवर आली.

आठच्या जागी चार माणसं घेतली. त्यातली दोन धुळ्याची, एक नंदुरबारची, एक भुसावळची.

भागीदारांमध्ये दोन विरुद्ध एक असा कौल होता, आणि बहिणीने तो एका अटीवर मान्य केला: ती पत्त्यांच्या कामाला हात लावणार नाही. तिचा पूर्ण वेळ आणि प्रोग्रामरचा निम्मा वेळ मळ्याच्या खेळाला. कंत्राटात कितीही घाई असली तरी हा वेळ तोडायचा नाही. हे आम्ही भागीदारी कराराच्या पुरवणीत लिहून घेतलं. संपूर्ण प्रकरणात सर्वात मोलाचा निर्णय कोणता असं विचारलं, तर मी या पुरवणीकडे बोट दाखवेन. ती लिहिलेली नसती तर जून-जुलैच्या घाईत खेळ नक्की मागे पडला असता, कारण त्या दोन महिन्यांत प्रोग्रामरला तिकडे ओढण्याचा प्रयत्न जवळपास रोज होत होता.

ऑगस्ट २०२५

२० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेने आणि २१ ला राज्यसभेने ऑनलाइन गेमिंगला प्रोत्साहन आणि नियमन देणारं विधेयक मंजूर केलं. २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवण्यावर बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र नाही. त्याच आठवड्यात बड्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले.

स्टुडिओला ई-मेल आला तो चार ओळींचा: काम तात्काळ थांबवावं. दोन महिन्यांची बिलं बाकी होती.

चार नव्या माणसांपैकी दोघांना निरोप द्यावा लागला. नंदुरबारच्या मुलीने आधीची नोकरी सोडून ही धरली होती. तिला दुसरीकडे लावून देण्यासाठी प्रोग्रामरने पुण्यातल्या सगळ्या ओळखी वापरल्या आणि महिनाभरात ते जमलं. उरलेल्या दोघांनी कमी पगारावर राहायचं कबूल केलं. भागीदारांनी दिवाळीपर्यंत स्वतः काहीही उचललं नाही.

एक अडचण अनपेक्षित होती. ज्या बँकेत खातं होतं, तिथून जमा रकमांबद्दल लेखी खुलासा मागवला गेला, कारण पैसे एका गेमिंग कंपनीकडून आले होते. 'गेमिंग' या एका शब्दाखाली जुगार, ई-स्पोर्ट्स आणि मळ्याचा खेळ असं सगळं एकत्र धरलं जात होतं. वास्तविक हाच कायदा ई-स्पोर्ट्सला मान्यता देतो आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना प्रोत्साहन देण्याची तरतूद करतो. कायद्याची प्रत, प्रत्येक बिल आणि कामाचं स्वरूप जोडून खुलासा दिला तेव्हा प्रकरण मिटलं. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठीचं धोरण मंजूर केलं, त्याची बातमीही सोबत जोडली होती. तिचा उपयोग झाला.

माझा स्वतःचा कौल कायद्याच्या बाजूचा आहे. या स्टुडिओचं नुकसान मी आकड्यांत पाहिलं आहे, आणि तरीही दागिने मोडणारी घरं त्याहून जास्त पाहिली आहेत.

खेळ बाजारात

खेळ जवळपास तयार होता. प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्याला खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पुण्यातल्या मित्रांना सांगून ही माणसं एका संध्याकाळी जमली असती. प्रोग्रामरने मुद्दाम नानांच्या गावातली माणसं घेतली: शेतकरी, दोन सालदार, ठिबकच्या दुकानातला पोऱ्या, एक ग्रामपंचायत सदस्या.

त्या दोन आठवड्यांत जे कळलं ते आधीच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. दुपारी मळ्यात उभं राहून मोबाइल उघडला तर हिरव्यावर हिरवं काहीच दिसत नव्हतं. सगळी रंगसंगती माडीवरच्या पंख्याखाली बसून ठरवलेली होती. दुसरं, केळीची पानं. बहिणीने प्रत्येक झाडाला अखंड, तुकतुकीत पानं काढली होती. एक शेतकरी म्हणाला, "ताई, असं पान रोपवाटिकेत असतं. मळ्यात वारा पान फाडतो." बाहेरच्या ओळीतली झाडं जास्त फाटलेली आणि आतली कमी, असं तिने नव्याने काढलं. आणि लगेच खेळात एक नवी गोष्ट तयार झाली: फाटलेली पानं पाहून खेळणाऱ्याला वाऱ्याची दिशा कळू लागली आणि कडेला वारारोधक झाडं कुठे लावायची याचा अंदाज येऊ लागला. जुन्या मोबाइलवर वादळाच्या दृश्यात खेळ बंद पडायचा, तेही तिथेच सापडलं.

कमाईचा प्रश्न शेवटी आला. मोबाइल गेम डाउनलोड करण्यात भारत जगात आघाडीवर आहे, पण खेळावर पैसे खर्च करण्यात खूप मागे आहे. तीन मार्ग चर्चेत होते: जाहिराती, खेळात नाणी विकत घेणं, किंवा एकदाच थोडे पैसे भरून पूर्ण खेळ. नाणी विकण्याला बहिणीने नकार दिला, आणि या वेळी बाकी दोघांनी वाद घातला नाही. पहिलं वर्ष, म्हणजे आखाजी ते आखाजी, मोफत आणि पुढचा खेळ एकदाच पैसे भरून, असं ठरलं. त्यातले १५ टक्के गूगलकडे जातात.

दिवाळीच्या सुमारास खेळ खुला झाला. साउंडवाल्याने सालदाराच्या आवाजातले छोटे व्हिडिओ करून टाकले, त्यातला वादळाचा एक तुफान पसरला: "घड पडी गया!" अशी हाक आणि मागे सालदाराची धावपळ. सर्वात जास्त खेळणारे जळगाव-धुळ्यात मिळतील असा अंदाज होता. मिळाले ते सुरतेत. उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेली हजारो कुटुंबं आहेत. मिलमध्ये काम करणारे, ज्यांच्या घरची शेती सुटली ते लोक. त्यांचे अभिप्राय वाचताना तिघांनाही भरून आलं. एकाने लिहिलं होतं की मुलगा अहिराणी बोलायला लाजायचा, आता सालदाराची नक्कल करतो.

या उद्योगाचं सांस्कृतिक वजन काय असतं, ते मला त्या अभिप्रायांत दिसलं. अब्जांचे आकडे खरे आहेत, पण यावलच्या मळ्यातलं बोलणं सुरतेच्या खोलीत पोचवणारं दुसरं साधन मी तरी पाहिलेलं नाही. गाणं ऐकलं जातं. इथे मूल स्वतः सालदार होऊन पाणी सोडतं.

आज कुठे आहेत

खेळाने आपला खर्च अजून भरून काढलेला नाही. पहिलं वर्ष खेळून झाल्यावर पैसे भरणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे.

पैसा आला तो वेगळ्या दाराने. खेळातली अहिराणी अक्षरं पाहून दुसऱ्या राज्यातल्या एका स्टुडिओने विचारलं की आमच्या खेळात हिंदी, मराठी आणि नेपाळी मजकूर बसवून द्याल का. अक्षरांशी झगडण्यात जे महिने गेले होते, त्यांतून आलेलं हे कसब बाजारात थोड्यांकडेच होतं. सध्या स्टुडिओत तीन ग्राहकांचं काम आहे, एकाचाही वाटा निम्म्यावर जात नाही. थकलेल्या बिलांसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. त्यानंतर कंपनीने काही रक्कम दिली, उरलेल्या रकमेचं आणि व्याजाचं प्रकरण अशा वादांचा निवाडा करणाऱ्या सरकारी परिषदेपुढे आहे.

वेगळं काय करता आलं असतं

गावातली चाचणी सर्वात आधी व्हायला हवी होती. खेळाचा पहिला कच्चा नमुना २०२३ मध्येच नानांच्या शेजाऱ्यांच्या हातात दिला असता, तर रंग, पानं आणि भाषेचा वाद हे सगळं स्वस्तात सुटलं असतं. प्ले स्टोअरचा नियम आडवा आला म्हणून ती चाचणी झाली, हे मला सर्वात जास्त बोचतं.

कंत्राटाबाबत, आगाऊ रक्कम नाकारली गेली तिथे माणसं घेण्याचा वेग कमी करता आला असता. चारही जणांना एकदम न घेता दोघांना घेऊन पहिलं बिल वटेपर्यंत थांबायला हरकत नव्हती. शिवाय करारात एक कलम हवं होतं: कायदा बदलल्यामुळे काम थांबलं तर तोवरच्या कामाची आणि पुढच्या एका महिन्याची रक्कम देय राहील. २८ टक्के कर लागला त्या दिवसानंतर असं कलम मागणं कुणालाही वावगं वाटलं नसतं. आता मी गेमच्या प्रत्येक करारात ते घालतो, आणि आतापर्यंत एकाही ग्राहकाने ते नाकारलेलं नाही.

साउंडवाला अजूनही म्हणतो की पूर्ण कंत्राट घेतलं असतं तर ऑगस्टपर्यंत हाती जास्त पैसा आला असता. गणित तपासलं तर बिलं वसूल झाली असती तरच त्याचं म्हणणं बरोबर ठरतं. आठ माणसांचे पगार आणि दोन महिन्यांची मोठी थकबाकी यात स्टुडिओ बंद पडला असता, असं माझं मत. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

शेवटचा मुद्दा आवाजांचा. मालकाचा आवाज गावातल्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे, सालदाराचा अमळनेरकडच्या एका तमासगिराचा. दोघांना एकदाच मानधन दिलं गेलं, कागद काही झाला नाही. सालदाराचा आवाज इतका लोकप्रिय होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि आता तो आवाज जाहिरातीसाठी मागायला लोक येतात. खेळाच्या दुसऱ्या भागात सातपुड्याच्या पायथ्याची पावरी बोलीही घ्यायची आहे. त्यासाठीचा करार मराठीत तयार केला आहे: विक्रीतला ठरलेला वाटा, दुसरीकडे वापरायचा तर वेगळी परवानगी, आणि संगणकाला तो आवाज शिकवून नवी वाक्यं बनवायला मनाई. जुन्या दोन्ही कलावंतांनाही हाच करार लागू करायचं तिघांनी ठरवलं आहे, आणि गेल्या आठवड्यात शिक्षकांनी त्यावर सही केली.